दुपारची किटली

तोमोहारू मिझुकामीला यंत्रं कळतात, हे कुणीही मान्य करील. नागोयातल्या कारखान्यात छपाईची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली, आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. माणसं किती कळतात, हे मात्र बावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने छाती पुढे काढून सांगितलं असतं की बाकीच्यांचं सोडा, माझी आई मला पुरती कळते.

आई, म्हणजे सुमिए, नागोयापासून लांब ताकाओका गावात, चढावरच्या घरात एकटी राहायची. वय एकोणऐंशी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. तोमोहारू रोज संध्याकाळी सातला तिला फोन करायचा आणि रोज तेच बोलणं व्हायचं.

"जेवलीस?"

"जेवतेय."

"काय केलंस?"

"मासा."

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

बस्स, एवढंच. दीड मिनिटाचं काम. पण त्या दीड मिनिटासाठी हातातलं सोडून उठायचं, चारचौघांत बसला असेल तर बाहेर जायचं, आणि एखाद्या दिवशी राहून गेलं की अंथरुणात पडेपर्यंत मनाला टोचणी. खरं बोलायचं तर त्याला त्या फोनचा कंटाळा आला होता. हे त्याने बायकोला, माचिकोला, कधी सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. कंटाळा आलाय हे कळत होतं, आणि आईच्या फोनचा कंटाळा करणारा मुलगा कसला, हेही कळत होतं.

मे महिन्याच्या लागोपाठच्या सुट्ट्यांत तो घरी गेला, तेव्हा आईने वडिलांचा जुना कॉम्प्युटर दाराशी आणून ठेवला होता. तो कॉम्प्युटर वर्षातून एकदाच चालायचा, नववर्षाची शुभेच्छापत्रं छापायला. उरलेले अकरा महिने कापडाखाली झोपलेला. आता त्याच्या पडद्यावर सारखी सूचना यायची की हे यंत्र जुनं झालं, नवीन घ्या.

"भंगारवाला मंगळवारी येतो," आई म्हणाली. "देऊन टाक एकदाचा."

"मोडीत? आई, अजून दहा वर्षं जीव आहे यात. लिनक्स घातलं की पळेल बघ."

"ते काय असतं?"

"त्याचा मेंदू बदलायचा. फुकट मिळतो."

"फुकट मिळणारा मेंदू कसला असणार," आई म्हणाली आणि कांदे चिरायला गेली.

पण तोमोहारू इरेला पेटला होता. आधी त्याने वडिलांची पत्त्यांची यादी आणि फोटो दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, दोनदा तपासले. मग पत्रा उघडला. आत इतकी धूळ होती की आईने नाक मुरडून जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. त्याने पंखा साफ केला, मेमरी दुप्पट केली, एक मोठी नवीन डिस्क बसवली, तिसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. वीज गेली आणि परत आली तर यंत्राने आपलं आपण उठावं, अशीही सोय केली. शेवटी पडदा आणि कीबोर्ड दोन्ही काढून टाकले आणि तो नुसता काळा खोका टीव्हीशेजारच्या कपाटात उभा केला. लहान हिरवा दिवा तेवढा लागत होता.

"पडदाच काढलास? मग त्याला दिसणार कसं?" आईने विचारलं.

"त्याला नाही गं बघायचं. बघायचंय मला."

तो खोका आता घरचा सर्व्हर झाला. आईच्या आवडीचे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम तो रेकॉर्ड करायचा. सगळ्या घराचे फोटो सांभाळायचा. आईच्या मोबाइलवर येणाऱ्या गुडघेदुखीच्या जाहिराती दारातूनच परत पाठवायचा. आणि चौथं काम, ज्यासाठी तोमोहारूने हा सगळा खटाटोप केला होता: किटलीच्या प्लगला एक मापक लावलं होतं आणि पुढच्या दाराला एक चिमुकलं चुंबक. आईने पाणी उकळलं की नोंद. दार उघडलं की नोंद. सकाळी आठपर्यंत किटली चालू झाली नाही, तर नागोयात तोमोहारूचा मोबाइल वाजणार.

पहिल्याच रात्री सगळं बंद पडलं. तोमोहारूने नागोयाहून फोन केला.

"आई, प्लग काढलास?"

"झोपताना मी सगळेच प्लग काढते. घर जाळायचंय का?"

पुढच्या शनिवारी त्याने परत जाऊन प्लगवर कागद चिकटवला: काढू नये. तेव्हा त्याला दिसलं की आईने खोक्यावर क्रोशाचा रुमालही घातला होता, हवा जायच्या जाळीवरच. "उघडं बरं नाही दिसत," म्हणे. रुमाल काढला, समजूत घातली, आणि मग सगळं सुरळीत चालू झालं. रोज सकाळी सहा दहाला किटली, दुपारी तीनला किटली. आलेखावर दोन नीटस टेकाडं. ती बघितली की तोमोहारूचा जीव भांड्यात पडायचा.

आता होरिताकाकूंबद्दल सांगायला हवं. समोरच्या बाजूला, उताराखाली तीस पावलांवर त्यांचं घर. वय एक्याऐंशी, त्याही एकट्या, मुलगी दूर सेंदाईला. काटक बाई. हिवाळ्यात दारातला बर्फ स्वतः फावड्याने ओढायच्या, आणि तोमोहारू लहान असताना त्याचा कान धरायचा अधिकार आईखालोखाल त्यांना होता. या गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची एक रीत आहे. सकाळी उठलं की दाराशी पिवळं निशाण लावायचं, अंधार पडायच्या आत काढून घ्यायचं. नऊपर्यंत निशाण दिसलं नाही, तर ज्या घराशी जोडी ठरली असेल, तिथल्या माणसाने येऊन घंटी वाजवायची. आईची जोडी होरिताकाकूंशी होती.

ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाला, तोमोहारू आणि माचिको ताकाओकाला आले. सोळा तारखेला, म्हणजे निघायच्या दिवशी, घरात पाहुण्यांच्या गडबडीत आई निशाण लावायला विसरली. सव्वानऊला घंटी वाजली. दारात होरिताकाकू. उन्हाने चेहरा लालबुंद, मानेवर टॉवेल, दम लागलेला.

"निशाण दिसलं नाही म्हणून आले," त्या म्हणाल्या. "तोमो, तू आलायस होय! मग काळजी नाही."

आईने त्यांना गार चहा दिला. दोघी दारातच पाच मिनिटं बोलल्या, कशावरून तरी हसल्या. पण तोमोहारूला ते बघवेना. एक्याऐंशी वर्षांच्या परक्या बाईने भर उन्हात चढ चढून माझ्या आईची विचारपूस करायची आणि मी नागोयात पंख्याखाली बसायचं? दुसऱ्याला त्रास दिला की आपल्या इथल्या माणसाला अन्न गोड लागत नाही. तोमोहारू त्यात चार पावलं पुढेच. शिवाय घरात यंत्र होतं. मग या बिचारीला कशाला तंगडतोड करायला लावायची?

तो तडक स्टेशनसमोरच्या दुकानात गेला आणि योकानचा, म्हणजे गोड वड्यांचा, मोठा डबा घेतला. चांगल्या कागदात बांधून घेतला. कॉलरचा शर्ट चढवला, माचिकोला बरोबर घेतलं आणि होरिताकाकूंच्या दारात जाऊन दोघं कमरेत वाकली.

"काकू, इतकी वर्षं तुम्ही आईसाठी खूप केलंत. आम्ही लांब असतो, त्यामुळे सगळा भार तुमच्यावर पडला. यापुढे मात्र तुम्ही अजिबात तसदी घेऊ नका. आता घरात यंत्र बसवलंय. ते सगळं बघतं. आई कधी उठली, दार किती वाजता उघडलं, सगळं मला तिकडे कळतं."

होरिताकाकू उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसल्या. डबा दोन्ही हातांनी घेतला, बाजूला ठेवला, आणि कपाळ जमिनीला टेकेल इतक्या वाकल्या.

"तुम्ही एवढा विचार केलात," त्या म्हणाल्या. "आजवर माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, तर माफ करा."

"छे छे, भलतंच काय!"

लहानपणापासून त्या त्याला 'अरे तोमो' म्हणायच्या. आज 'तुम्ही' म्हणाल्या, त्याचं त्याला बरंच वाटलं. परतताना माचिको म्हणाली, "त्या जरा गप्प झाल्या, नाही?"

"ऊन काय कमी आहे?" तो म्हणाला.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. आई काकडी चिरत होती. सुरी थांबली.

"डबा दिलास?"

"हो. मोठा दिला, लाज वाटेल असा नाही."

"बरं," आई म्हणाली. सुरी परत चालू झाली. तोमोहारूला बस गाठायची होती.

त्यानंतर फोन हळूहळू आटले. कुणी ठरवून केलं नाही. सातला मोबाइल हातात घ्यायचा, तर त्यात टेकाड दिसायचं: किटली चालली, दार उघडलं, आई बरी आहे. मग विचारायचं काय? रोजचा फोन दिवसाआड झाला, मग आठवड्याने, मग कधीतरी एखादं चित्र पाठवायचं आणि आईने अंगठ्याचं चित्र परत धाडायचं. सुरुवातीला सात वाजले की त्याचं लक्ष घड्याळाकडे जायचं. आपण कामचुकारपणा करतोय, असं वाटायचं. मग तो आलेख उघडायचा आणि स्वतःला सांगायचा की फोनवर आई बरी नसली तरी बरी म्हणाली असती, यंत्र खोटं बोलत नाही. हा मुद्दा बिनतोड होता. टोचणी मात्र तेवढ्याने जायची नाही, नुसती गप्प बसायची.

नोव्हेंबरात कारखान्यातला कुझे नावाचा सहकारी त्याच्या मागे लागला. त्याचे सासरे एकटे राहत होते, त्यालाही असा सर्व्हर हवा होता. त्याला दाखवायला म्हणून तोमोहारूने सहा महिन्यांच्या नोंदी एका पानावर आणल्या. मे, जून, जुलै, रोज दोन टेकाडं. ऑगस्टच्या सतरा तारखेपासून एकच.

"हे दुसरं कुठे गेलं?" कुझेने विचारलं.

तोमोहारूला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन महिने! सूचना फक्त सकाळच्या किटलीची लावली होती, ती कधी चुकली नाही, म्हणून दुपारकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं. मापक बिघडलं असणार. त्याने घड्याळ तपासलं, प्रोग्रॅम तपासला, नागोयातून सर्व्हर बंद करून परत उठवला. सगळं ठणठणीत. मग भलते विचार सुरू झाले. आई दुपारी उठतच नाही का? पाणी प्यायचं विसरते का? विसरायलाच लागलीय का? त्याने फोन केला. किती दिवसांनी केला, ते मोजायचं त्याने टाळलं.

"आई, दुपारी चहा घेत नाहीस का हल्ली?"

पलीकडे मासा चरचरत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"यंत्रात दिसतं."

"मग यंत्रालाच विचार," आई म्हणाली. "मासा करपतोय माझा."

शनिवारी सकाळच्या बसने तो ताकाओकाला पोचला. चढ चढताना त्याला दिसलं की होरिताकाकूंच्या घराचे पत्र्याचे सगळे दरवाजे ओढलेले आहेत. मुलीकडे गेल्या असतील, असं म्हणून तो पुढे गेला.

आई खुटखुटीत होती. केस कापून आली होती. तो बूट काढून सरळ कपाटाकडे धावला.

"आधी हात धू," आई म्हणाली.

हात धुऊन त्याने मापक काढलं, दुसरं लावलं, किटलीत पाणी भरून खटका दाबला. मोबाइलवर टेकाड वर आलं. जुनं परत लावलं, पुन्हा पाणी उकळलं. पुन्हा टेकाड. यंत्र बरोबर होतं. यंत्र पहिल्यापासून बरोबरच होतं.

"मग दुपारी किटली का नाही लावत?" त्याने विचारलं. आवाज नको तितका चढला.

"एकटीसाठी कोण लावतं? सकाळचं पाणी असतं थर्मासमध्ये."

"आधी लावायचीस की!"

"आधी होरिताबाई यायच्या."

आई त्याच्याकडे बघत नव्हती. तिने किटलीतलं फुकटचं उकळलेलं पाणी थर्मासमध्ये ओतलं, झाकण लावलं, ओटा पुसला.

"यायच्या म्हणजे?"

"रोज यायच्या. तीनला. वीस वर्षं. तुझे बाबा होते तेव्हासुद्धा. तुला माहीत नव्हतं?"

त्याला माहीत नव्हतं. रोज सातला फोन करून त्याने मासा विचारला होता, दुपारी कोण आलं होतं, ते कधी विचारलं नव्हतं.

"आणि आता का नाही येत?"

"तू डबा दिलास ना."

"अगं, तो आभाराचा डबा होता!"

"कळतं रे मला. त्यांनाही कळलं. नवराबायको शर्ट घालून दारात येता, वाकता, इतकी वर्षं खूप केलंत म्हणता, यापुढे तसदी नको म्हणता. याचा अर्थ दुसरा काय होतो? नोकरीवरून काढतानासुद्धा माणसं असंच बोलतात." आईने फडकं पिळलं. "वर सांगितलंस की यंत्र दार बघतं. कोण कधी येतं, सगळं तुला कळतं. मग कोण येईल? तूच सांग."

"मी त्यांना त्रास होऊ नये म्हणून…"

"आठ दिवसांनी कुरियर आला," आई म्हणाली. "परतीची भेट. टॉवेलांचा जोड, वर छापील चिठ्ठी. तीस पावलांवरून कुरियरने पाठवला, तोमो. मी तो घेऊन दारात उभी राहिले आणि त्यांच्या खिडकीचा पडदा हलताना बघितला."

तोमोहारू ओट्याला टेकून उभा राहिला. तीस पावलं. त्यासाठी गावातल्या डेपोत जाऊन त्यांनी पार्सल दिलं असणार. फिटंफाट झाली, आता तुमचं आमचं काही नाही.

"तू का नाही गेलीस त्यांच्याकडे?"

"काय सांगू जाऊन? माझा मुलगा बोलला तसं त्याच्या मनात नव्हतं म्हणू? की माझ्या मुलाला बोलता येत नाही म्हणू?" आई पहिल्यांदा चिडली. "वीस वर्षांत त्यांनी तुझ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नाही माझ्याकडून. आणि मी जाऊन तुलाच नावं ठेवू?"

"मी जातो. आत्ता जातो. त्यांच्या पाया पडतो. कधी येणारेत त्या सेंदाईहून?"

आईने फडकं दांडीवर घातलं, कडा जुळवून सरळ केलं. मग ती खुर्चीवर बसली.

"बस जरा," ती म्हणाली.

तो बसला.

"निशाणाची जोडी असते," आई म्हणाली. "त्या माझं निशाण बघायच्या, तसं मी त्यांचं बघायची. तुला वाटलं, त्या एकट्याच बघतात."

हो, त्याला तसंच वाटलं होतं. होरिताकाकूंवर कुणी लक्ष ठेवायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. काटक बाई, बर्फ ओढणारी बाई, कान धरणारी बाई. आपली आई म्हणजे सांभाळून घ्यायची वस्तू, आणि ती दुसऱ्या कुणाला सांभाळते आहे, हे बावन्न वर्षांच्या घोड्याला दिसलं नव्हतं.

"डब्यानंतरही त्या निशाण लावायच्या. मी खिडकीतून बघायची. बोलणं नाही, पण निशाण दिसलं की बरं वाटायचं. ऑक्टोबरच्या दहा तारखेला नऊ वाजले तरी निशाण नाही."

आई बोलता बोलता बोटाने टेबलावरचा न दिसणारा चुरा गोळा करत होती.

"मी दार उघडलं. म्हटलं, जावं. मग म्हटलं, जोडी तर तुटलीय. आपण तोडलीय. त्यांनी आता दुसऱ्या कुणाशी ठरवली असेल, किंवा रागाने निशाण लावणंच सोडलं असेल. कुठल्या तोंडाने घंटी वाजवू? दार लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं. उताराच्या तोंडापर्यंत गेले, परत आले. दिवसभर हेच. दुपारी त्यांना फोन लावला, उचलला नाही. म्हटलं, माझा नंबर बघून उचलत नसतील. अंधार पडायला लागला, घरात दिवा नाही. तेव्हा गल्लीच्या प्रमुखांना, कुवाहारांना, बोलावलं."

"आणि?"

"न्हाणीघरात पडल्या होत्या. आदल्या रात्रीपासून. कमरेचं हाड मोडलं होतं. ओरडून ओरडून आवाज गेला होता." आईने बोटं झटकली. "वाचल्या. पण आता उभ्या राहत नाहीत म्हणे. मुलगी घेऊन गेली, तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवलंय. घर विकायला काढणारेत. सकाळी नऊला गेले असते तर नऊ तास आधी मिळाल्या असत्या. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नाही. पण मला मोजता येतं."

"आई, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू सारखा स्वतःला खात बसला असतास. माझं मी खातेय तेवढं पुरे आहे."

तोमोहारूच्या डोळ्यांपुढे होरिताकाकू उंबऱ्यात वाकल्या होत्या तशा आल्या. कपाळ जमिनीला. आणि आपण छे छे म्हणत उभे. लाजेने त्याचे कान तापले. रडावं तर ते फुकटचं, आई नाही रडली आणि आपण कुठल्या हक्काने रडायचं?

"हे यंत्र मी काढून टाकतो," तो म्हणाला. "आत्ता. आणि उद्या सेंदाईला जातो."

"जाऊन काय करशील? अजून एक डबा देशील?"

आईला बोलून गेल्याचं वाईट वाटलं असावं. तिने थर्मास पुढे ओढला, दोन पेल्यांत चहा केला, एक त्याच्यापुढे ठेवला. कपाटातला खोका मंद घुमत होता.

"त्यात ते आलं असेल ना?" आईने मान खोक्याकडे वळवून विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी मी दार किती वेळा उघडलं ते."

तोमोहारूने मोबाइल काढला. ऑक्टोबर. दहा. दाराच्या नोंदी एकाखाली एक लागल्या: नऊ पाच. नऊ अकरा. नऊ एकोणतीस. दहा दोन. त्या संपेचनात. तो खाली सरकवत गेला आणि त्याला आठवलं. हा दिवस त्याने बघितला होता. कारखान्यातली पाळी संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत उभा राहून, संध्याकाळी साडेसहाला, याच पडद्यावर बघितला होता. 'यंत्रात काही नाही आलं, त्या दिवशी बंद होतं' असं म्हणणं अगदी सोपं होतं. आईला कधी कळलं नसतं.

"तेवीस वेळा," तो म्हणाला.

"तेवीस." आईने तो आकडा सावकाश उच्चारला. "तू तेव्हा बघितलं होतंस?"

"बघितलं होतं." तो म्हणाला. "मला वाटलं, आई आज मजेत आहे. इतक्या वेळा बाहेर पडतेय, म्हणजे तब्येत झकास आहे. मला इतकं बरं वाटलं गं. मी तुला…"

"हो," आई म्हणाली. "ते टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं होतंस. होरिताबाईंना स्ट्रेचरवर घालून बाहेर आणत होते, तेव्हाच माझा मोबाइल वाजला. तुझं नाव बघितलं. मला वाटलं, यंत्राने तुला सांगितलं, तू विचारतोयस काय झालं म्हणून. मी त्यांचा हात सोडला आणि आधी ते उघडलं."